शेऱ्याचा रकाना

इंगोले मॅडम गेल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निनाद सरांचा मेसेज आला. "मॅडमकडून खूप काही शिकायला मिळालं. डाटामागचा माणूस पाहायची दृष्टी त्यांनी दिली. विनम्र अभिवादन." खाली जोडलेले हात तीन आणि फुलं दोन. लगेच खाली सगळ्यांची फुलं सुरू झाली.

मी मोबाइल टेबलावर पालथा टाकला. अबे, शिकायला मिळालं काय? कान धरून शिकवलं म्हण! ज्या बाईला तू रेकॉर्ड रूममध्ये टाकलंस, जिच्या बोलण्याची भर मीटिंगमध्ये नक्कल केलीस, तिच्या नावानं आता फुलं वाहून राहिला? मॅडम असत्या तर त्यांनी हे वाचून चष्मा कपाळावर चढवला असता आणि म्हणाल्या असत्या, "अकोलेवाले, लिहून ठेव रे." त्या नाहीत म्हणून मी लिहून ठेवतो आहे. चांगल्या मनानं लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

आमचा डोळ्यांचा ट्रस्टचा दवाखाना. मोठा अमरावतीला, त्याची लहान शाखा अकोल्याला. अकोल्याच्या शाखेत कॉम्प्युटरवर मी, म्हणून मॅडमसाठी मी कायमचा 'अकोलेवाले'. माझं नाव त्यांनी वीस वर्षांत चार वेळा घेतलं असेल. त्या अमरावतीत रजिस्ट्रेशनच्या मुख्य ऑपरेटर. नवरा रेल्वेत, घर बडनेऱ्याला, तिथून रोज ऑटोनं यायच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा दोरीनं गळ्यात, आणि मार्चपासून जूनपर्यंत डोक्याला ओला दुपट्टा. त्यांच्या खोलीत एकच कूलर होता. त्याचं तोंड त्यांनी जुन्या सर्व्हरकडे करून ठेवलं होतं. "थो तापला तं सारा दवाखाना बसते. मी तापली तं फक्त मीच बोंबलते," म्हणायच्या.

मोजायची त्यांना सवय होती, सवय कसली, खोडच. ऑटोतली माणसं मोजत, कँटीनमधून आलेले कप मोजत, जिन्याच्या पायऱ्या रोज नव्यानं मोजत. दिवसाच्या शेवटी रजिस्टरमधले पेशंट आणि कॉम्प्युटरमधले पेशंट जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायच्या नाहीत. मला फोन केला की हॅलो वगैरे नाही, सरळ "किती गेले, किती आले?" एकदा मी "झालं मॅडम सगळं" असं म्हणालो, तर पाच मिनिटं फोनवर सुनावलं. "झालं म्हंजे काय? आकडा सांग. झालं तं थो वरवाला बी म्हनते, पन थ्याले कोनी इचारत नाई."

दुसरी खोड म्हणजे, त्या विसरत नसत. त्यांना राग यायचा नाही, राग यायचा तो आपल्याला. त्या फक्त लक्षात ठेवायच्या. साबळे डॉक्टर नवीन होते तेव्हा एकदा दारातून ओरडले, "ए टायपिंगवाली, मागच्या पाच वर्षांच्या सगळ्या पेशंटची यादी पाहिजे, दुपारपर्यंत." त्यांना हवे होते फक्त काचबिंदूचे. मॅडमना ते कळलं होतं, न कळायला त्या काय कालच्या होत्या? पण डॉक्टर 'सगळ्या' म्हणाले होते. सकाळपासून तो जुना प्रिंटर करकरत बसला. दुपारी वॉर्डबॉयनं कागदाचा ढीग स्ट्रेचरवर घालून ओपीडीत नेला, वर पांढरी चादर टाकून. बाहेर बसलेल्या बाया पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी चादर उचलली, खाली पाहिलं आणि चादर पुन्हा नीट पांघरून ठेवली. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी 'इंगोले मॅडम' आलं ते शेवटपर्यंत.

आता शेऱ्याचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं.

आम्ही गावोगाव तपासणीचे कॅम्प लावतो. जुन्या सिस्टीममध्ये जन्मतारीख टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाईला जन्मतारीख विचारली की ती हसते. "मले काय माईत वो बाई? नदीले मोठा पूर आल्ता, तवा मी रांगत होती म्हनत माय." मग वय? "लिवून टाक साठ." झालं! सगळ्याच साठच्या. मग मॅडम, आणि मॅडमचं पाहून आम्ही सगळे, एक जून टाकायचो. शाळेच्या मास्तरांनी अर्ध्या वऱ्हाडाची हीच जन्मतारीख करून ठेवली आहे, आम्ही तीच पुढे चालवली. म्हणजे एकाच कॅम्पात, एकाच तालुक्यात, एकाच साली एक जूनला जन्मलेल्या डझनभर बाया. त्यात आडनावं तीच, शांताबाया त्याच, आणि त्यांचे नवरेही महादेवच.

म्हणून मॅडम शेवटचा रकाना भरायच्या. शेरा. इतर ऑपरेटर तो रिकामा सोडत. मॅडम त्यात गाव जसं बोलतं तसं लिहीत. 'गिरनीजवळची.' 'एका पायानं लंगडी.' 'पोरगा पोलिसात.' 'हिची सवत पण हेच नाव लावते, विचारून घेणे.' एक जूनवाल्या बाया त्या रकान्यामुळे वेगळ्या राहायच्या. पुढच्या वेळी पेशंट आली की मॅडम खिडकीतून विचारायच्या, "कोनती, गिरनीजवळची का?" आणि ती बाई खुश व्हायची, की इतक्या मोठ्या दवाखान्यात आपल्याला ओळखतात.

निनाद सर आले पुण्याच्या कंपनीकडून. अमरावतीचा आणि अकोल्याचा जुना डाटा उचलून एका नव्या सिस्टीममध्ये भरायचा, हे त्यांचं काम. गोरेगोमटे, स्वच्छ, बोलायला साखर. पहिल्याच आठवड्यात आपल्या दवाखान्यात डोळेही तपासून घेतले, फुकट आहे म्हणून नाही, "एंड यूजर एक्सपीरियन्स" म्हणून. रजिस्ट्रेशन मॅडमनीच केलं.

मग मीटिंग झाली. मी अकोल्याहून गेलो होतो. सरांनी पडद्यावर दाखवलं, जुन्याचा कोणता रकाना नव्यात कुठे जाणार. शेऱ्यासमोर लाल फुली. मॅडमनी हात वर केला. "सर, शेरा काहून काढून राहिले तुमी? थ्याच्यावरच तं बाया ओळखू येतात आमाले."

सर हसले. "मॅडम, त्यात सगळा कचरा आहे. गिरणी, सवत, पोलीस. डाटाबेस आहे हा, गावची चावडी नाही." मग मान वेळावून, अगदी मॅडमच्या चालीत म्हणाले, "काहून काढून राह्यले, काहून काढून राह्यले! टेन्शन नोको घेऊ बाई, समदं बरोबर व्हते." टेबलाभोवतीचे सगळे हसले. ट्रस्टी हसले, अकाउंटवाले हसले. मीही हसलो. हे लिहायला मला आवडत नाही, पण मॅडमनी तेव्हा एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. परत जाताना जिन्यात एवढंच म्हणाल्या, "अकरा जन हासले. तुले धरून."

डाटा भरायला सुरुवात झाली, तर पहिल्याच दिवशी गाडी अडली. सर एकदम सगळी फाइल ओतायचे, ती अर्ध्यात बंद पडायची, आणि का पडली ते मशीन सांगायचं नाही. दोन दिवस ते इंग्रजीत चिडचिड करत होते. तिसऱ्या दिवशी मॅडम डबा खाता खाता म्हणाल्या, "एकदम कायले ओतता? डाळ निवडतो तसं करा न. फाइलीचे दोन ढीग करा. जो अडला, त्याचे पुन्हा दोन. थो खडा दिसेपर्यंत." दुपारपर्यंत खडा सापडला. कोण्या ऑपरेटरनं पत्त्यात एंटर दाबून ठेवला होता, मशीनला वाटे ओळ संपली. मग कळलं की एक जूनचे सगळे लोक नव्या सिस्टीममध्ये सहा जानेवारीला जन्मून राहिले आहेत, महिना आणि दिवस उलटे वाचल्यामुळे. तेही मॅडमनीच पकडलं. रिपोर्टमध्ये दोन्ही ठिकाणी सरांनी लिहिलं, 'आमच्या टीमने त्रुटी शोधली.' मॅडमनी तो रिपोर्ट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

शेवटी पडद्यावर हिरवं आलं, यशस्वी. मॅडमनी विचारलं, "किती गेले, किती आले?" आलेले कमी होते, थोडेथोडके नाही. सर म्हणाले, "ते डुप्लिकेट होते मॅडम. एकच माणूस दोनदोनदा भरलेला. नाव, नवऱ्याचं नाव, तालुका, जन्मतारीख सगळं सारखं, सिस्टीमनं आपोआप एक केलं. तुमच्या डाटातली घाण साफ झाली, थँक्यू म्हणा." मॅडम म्हणाल्या, "थे माणसं होते, सर." लेखी अर्ज दिला. तो फाइलला लागला.

दोन महिन्यांनी शांताबाई महादेव राऊत आली, चांदूर रेल्वे तालुक्यातली. गिरणीजवळची. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. खिडकीवरच्या नव्या मुलीनं पडदा पाहून सांगितलं, "आजी, तुमचा डावा झालेला आहे." आजी परत गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, पुन्हा तेच उत्तर. घरी जाऊन म्हणाली, "मशीन म्हनते झाला, तं झाला असन. मलेच दिसत नसन." भाजीचा मळा करणारी साधी माणसं, पण तिसऱ्या खेपेला तिचा मुलगा सोबत आला आणि त्यानं खिडकीवर असा दंगा केला की ट्रस्टी खाली उतरले. चूक कोणाची, असं विचारणं झालं. निनाद सरांनी पुण्याहून दोन ओळींचा ईमेल पाठवला. जुनी नोंद चुकीची, नोंद करणाऱ्या इंगोले मॅडम.

मॅडमना मेमो मिळाला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना, कॉम्प्युटर काढून घेऊन त्यांना तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा हळहळत होतो. त्या मात्र स्टुलावर बसून दह्यातला गिला वडा खात होत्या आणि डोळ्यांत एक चमक होती, ती पाहून, खरं सांगतो, मला भीती वाटली.

"अकोलेवाले," म्हणाल्या, "याईले काय अक्कल हाय का रे? मले शिक्षा म्हनून कोठी बसवलं, पाह्य तं खरं." त्यांनी चमच्यानं भोवती दाखवलं. छतापर्यंत गेलेल्या फायली. प्रत्येक पेशंटचा मूळ कागद, कॅम्पाचा शिक्का, डॉक्टरची सही, कोणता डोळा. "सारा पुरावा माया ताब्यात देल्ला. आता तू मले एक दे. जुना डाटा तुह्या पाशी हाय ना, शेऱ्यासकट?"

माझ्याकडे होता. अकोल्याच्या कपाटात जुनी हार्ड डिस्क मी पुसली नव्हती, दोन्ही शाखांची कॉपी तिच्यावर होती. तसं नव्या नियमात बसत नव्हतं. पण त्या दिवशी मी हसलो होतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी ती घेऊन आलो. त्यांनी घेतली आणि म्हणाल्या, "आता दहा झाले."

पहिल्यांदा त्यांनी गिरणीजवळच्या शांताबाईचा कागद काढला आणि साबळे डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा बाजूला सारून कागद पाहिला, स्वतःच्या जुन्या सहीवर बोट ठेवलं आणि त्याच आठवड्यात आजीचा डावा डोळा करून टाकला. मी म्हटलं, आता बोला ना ट्रस्टींशी, मेमो फाडून टाकतील. मॅडम म्हणाल्या, "पयले डोळा. थो झाला. आता बदला. बदल्याले घाई करत नसतात."

सात महिने त्या तळघरात कागद आणि शेरा जुळवत बसल्या. मशीननं एक केलेली माणसं एकेक करून वेगळी काढली. रविवारी एसटीनं गावोगाव जात. कोण मेलं, कोण आहे, कोणता डोळा, सगळं वहीत. मला फोनवर तेवढा आकडा सांगायच्या. एकदा मी विचारलं, एवढं कशासाठी, तुमचा मेमो तर एका शांताबाईनंही रद्द होईल. "एक जून म्याच टाकला होता न रे," म्हणाल्या. "थो चुकला थे खरं, पन पयले मी चुकली. माहं मले फेडा लागन का नाई?" त्यांच्या सुडाच्या यादीत त्यांचं स्वतःचंही नाव होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग नव्या सिस्टीमच्या रीतसर लोकार्पणाचा दिवस आला. हॉल भरलेला, हार, समई, निनाद सर नव्या ब्लेझरमध्ये. ते दाखवणार होते की नाव टाइप केलं की एका सेकंदात पेशंटचा सगळा इतिहास पडद्यावर येतो आणि माईकवरून नाव पुकारलं जातं. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, कोणाचंही टाका. सर म्हणाले, रेकॉर्ड रूममधून एखादी फाइल मागवू, म्हणजे कोणाला शंका नको. मॅडम तयारच होत्या. खालून फाइल घेऊन आल्या, साडी नवीन, डोक्याला दुपट्टा नाही. फाइल सरांच्या हातात दिली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"शांताबाई महादेव राऊत," सरांनी वाचलं, टाइप केलं. पडद्यावर आलं. "पाहा, एक सेकंद! आणि आज त्यांची फेरतपासणीची तारीखही आहे. आजी आल्या असतील तर उभ्या राहा." आवाज माईकवरून हॉलभर गेला.

मागच्या रांगांतून सात बाया उठल्या.

रविवारच्या एसटी फेऱ्यांत मॅडमनी आणखी काय जमवून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. सात लुगडी, पाच हिरवे चष्मे, एक काठी. त्यातली पहिली, गिरणीजवळची, आपल्या नव्या डोळ्यानं थेट मंचाकडे पाहत मोठ्यानं म्हणाली, "कोनती रे बावा? मी का थे लंगडी?"

साबळे डॉक्टर खुर्चीवरून उठले, पडद्याजवळ गेले आणि बोटानं मोजू लागले. मॅडमसारखेच मोजत होते. "उजवा, डावा, डावा, उजवा, डावा. पाच ऑपरेशनं एकाच बाईची. निनादराव, या बाईला डोळे किती आहेत?"

आधी चार-पाच जण हसले, मग सगळा हॉल हसला. ट्रस्टी हसले, अकाउंटवाले हसले. माईक चालूच होता. निनाद सर काहीतरी "डेटा क्वालिटी" म्हणायला गेले, ते हसण्यात बुडालं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी तो घडी घातलेला रिपोर्ट, आणि शेजारी आपला जुना अर्ज. आणि म्हणाल्या, "काहून काढला शेरा, हे इचारून घ्या यायले." मला इतकं सुख लग्नातही झालं नव्हतं, बायको वाचेल तर वाचो.

मेमो रद्द झाला. पण मॅडमचं तेवढ्यानं भागत नव्हतं. त्यांनी अट घातली की डाटा पुन्हा भरायचा, शेऱ्यासकट, आणि निनाद सरांनी स्वतः, इथे अमरावतीत, त्यांच्या शेजारी बसून भरायचा. जुना शेरा जुन्या मराठी फाँटमध्ये होता, नव्यात गेला की त्याची खिचडी व्हायची, म्हणून प्रत्येक ओळ वाचून तपासावी लागणार होती. मे महिना होता. कूलरचं तोंड सर्व्हरकडेच राहिलं. सर घामानं निथळत वाचायचे आणि मॅडम डोळे मिटून ऐकायच्या.

"गिरणीजवळची."

"गिरनीजवळची म्हना, तशीच लिवली हाय. पुढं."

"दोघाईत भांडण, संग... संग बोलावू नोको."

"हां, आता जमलं सर तुमाले. टेन्शन नोका घेऊ."

तीन आठवडे हे चाललं. गाव झालं की "किती गेले, किती आले?" आणि आकडा जुळला नाही तर गाव पुन्हा पहिल्यापासून. मी अकोल्याचा डाटा घेऊन शेवटच्या आठवड्यात तिथे होतो. एके दुपारी वाचता वाचता सर एका ओळीवर थांबले. कानापर्यंत लाल झाले. माझ्या बाजूनं पडदा दिसत नव्हता. मग हळूच म्हणाले, "मॅडम, हा... हा ठेवायचा का?"

मॅडमनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. "एक बी शेरा गळाले नोको, सर. पुढं."

निवृत्तीनंतर त्या मला एकदाच भेटल्या, मागच्या हिवाळ्यात. बहिणीकडे अकोल्याला आल्या होत्या, डोळा तपासायला आमच्या शाखेत आल्या. वाळल्या होत्या खूप, चष्म्याची दोरी मात्र तीच. खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "इंगोले सुमन, जन्मतारीख एक जून." मग आवाज खाली आणून, "अकोलेवाले, पयले निनाद सराचं पाह्य बरं जरा."

मी नाव टाकलं. पहिल्या आठवड्यातली ती तपासणी पडद्यावर आली. चष्म्याचा नंबर, दोन्ही डोळे निरोगी. आणि शेवटच्या रकान्यात, सरांनी स्वतःच्या हातानं पुन्हा भरलेला मॅडमचा शेरा.

'नजर बरोबर. पाहत नाही.'

मी वाचून दाखवला. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले. "काढला तं नाई ना कोनं?"

"नाही मॅडम. काढता येत नाही आता. दोन्ही शाखांत दिसतो."

"मंग ठीक हाय," असं म्हणून त्या आत गेल्या, बाकावर बसल्या आणि सिस्टरनं थेंब टाकायच्या आधीच डोळे मिटून घेतले.